शाळेच्या नावाचा ई-मेल : डीएनएसच्या नोंदी



२०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. निर्मलच्या नातेवाइकांच्या पत्त्यात 'जि. आदिलाबाद'ऐवजी 'जि. निर्मल' आले. घर तेच, पण ज्यांच्या वहीत जुना पत्ता होता ते काही दिवस तोच लिहीत राहिले. इंटरनेटवरही असेच घडते.

समजा, शाळेने स्वतःचे डोमेन घेतले आणि मेल सांभाळायचे काम एका कंपनीला दिले. आता शाळेची पत्रे कोठे पोहोचवायची, हे जगाला कळवायला हवे. ते ज्या वहीत लिहितात ती डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही पद्धत मांडली. डोमेन जेथे सांभाळले जाते तेथे लॉग-इन करून आपण पुढील नोंदी करू.

१) मालकी : कंपनीने दिलेली सांकेतिक ओळ टीएक्सटी नोंदीत लिहावी. डोमेन आपलेच आहे हे त्यावरून पटते.

२) एमएक्स : पत्रे कोणत्या सर्व्हरकडे द्यावीत हे ही नोंद सांगते. लहान आकड्याचा मान आधी. २० च्या आधी १०. जुन्या कंपनीच्या नोंदी काढाव्यात, नाहीतर काही पत्रे जुन्याच पेटीत पडतील.

३) एसपीएफ : आपल्या नावाने पत्र कोण पाठवू शकतो त्यांची यादी. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद हवी. दोन झाल्या तर तपासणीच फसते.

४) डीकेआयएम : पत्रावरची डिजिटल सही तपासण्याची किल्ली.

५) डीएमएआरसी : तपासणीत न उतरलेल्या पत्राचे काय करावे याची सूचना. सुरुवातीला फक्त अहवाल मागवावा, मग कडक व्हावे.

शेवटच्या तीन नोंदी नसतील, तर परीक्षेची सूचना पालकांच्या स्पॅममध्ये जाऊ शकते. शाळेच्या नावाने खोटी फी मागणेही सोपे होते.

नोंद बदलली तरी जुनी माहिती टीटीएल संपेपर्यंत इतरांकडे राहते. ३६०० म्हणजे ३६०० सेकंद, एक तास. म्हणून बदलाच्या आदल्या दिवशी तो आकडा ३०० करावा.

आमचा एक आग्रह : डोमेन शाळेच्या नावावरच घ्यावे आणि पासवर्ड कार्यालयात जपावा. एकाच शिक्षकाच्या खात्यावर ते असेल, तर त्यांच्या बदलीबरोबर शाळेचा पत्ताही जातो.

करून पाहा : संगणकावर एनएसलुकअप ही आज्ञा वापरून एखाद्या डोमेनची एमएक्स नोंद शोधा आणि वहीत उतरवा.