व्याख्या पाठ, तरी गोंधळ

प्रश्न : मी एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. फोनीम, अ‍ॅलोफोन, मॉर्फीम यांच्या व्याख्या घोकते, तरी पेपरात सरमिसळ होते. माझं इंग्रजीच कच्चं आहे का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाही हो! सुट्या व्याख्या घोकल्या की असं होणारच. संज्ञा जोडीने, उच्चारून शिका. तोंडासमोर तळहात धरून इंग्रजी धाटणीने ‘पिन’ आणि ‘स्पिन’ म्हणा. ‘पिन’ला हवेचा झोत जाणवेल, ‘स्पिन’ला जवळजवळ नाही. इंग्रजीत या फरकाने अर्थ बदलत नाही, म्हणून हे एकाच फोनीमचे दोन अ‍ॅलोफोन. मराठीत मात्र ‘पळ’ आणि ‘फळ’ वेगळे, म्हणून फोनीमही दोन. मॉर्फीम म्हणजे अर्थाचा सर्वांत लहान घटक. ‘कॅट्स’मध्ये असे दोन. अडलं तर डेव्हिड क्रिस्टल यांचा भाषाविज्ञानाचा कोश चाळा. फक्त व्याख्या लेखकागणिक थोड्या बदलतात. परीक्षेपुरतं नेमलेलं पुस्तकच धरा.