पेंड महागली, मेंढा आताच वेगळा बांधा

सोयाबीनची काढणी उरकत आली की हिंगोली जिल्ह्यातल्या मेंढपाळाला वर्षातले सर्वात सुखाचे दोन-अडीच महिने मिळतात. मोकळी झालेली राने, बांधावरचे गवत, कयाधू आणि पूर्णाकाठचा हिरवा पट्टा, पुढे तुरीचा गळलेला पाला. कळपाची पोटे भरलेली असतात, म्हणून चाऱ्याचा विचार कोणी करत नाही. पण मार्च ते जूनचा खर्च ठरतो तो याच दिवसांत. मका इथेनॉलकडे वळू लागल्यावर भरडा महागला आणि सरकी पेंडीचे पोते घेताना हात आखडतो. अशा वेळी बहुतेक जण सगळ्या कळपाचा खुराक मूठभर कमी करतात. नुकसान तिथूनच सुरू होते. कमी करायची ती खाणारी तोंडे, आणि खुराक द्यायचा तो नेमक्या दिवसांत.

हिशेब करून बघा. प्रत्येक मेंढीला वर्षभर रोज १०० ग्रॅम खुराक दिला तर वर्षाला साडेछत्तीस किलो होतो. हाच खुराक गाभण काळाच्या शेवटच्या दीड महिन्यात रोज २५० ग्रॅम आणि व्यायल्यावर दोन महिने रोज ३०० ग्रॅम दिला, तर सव्वाएकोणतीस किलोंत काम होते. सात किलो वाचतात ते वाचतातच. पण पोटातले कोकरू सर्वात वेगाने वाढते ते या शेवटच्या दीड महिन्यात, आणि दुधाची तयारीही तेव्हाच होते. त्या दिवसांत उपाशी राहिलेली मेंढी अशक्त कोकरू देते, चीक कमी देते, जुळी असतील तर स्वतःही बसते. उरलेल्या काळात, चराई बरी असेल तर, दख्खनी मेंढीला खुराकाची गरज नसते. कंबरेजवळ पाठीच्या कण्यावर हात फिरवा. मणक्यांची टोके बोटांना टोचली तर ती मेंढी खंगली आहे, तिला वेगळे काढून द्या. हाड लागते पण टोचत नाही, अशी मेंढी ठीक आहे.

आता मेंढ्याचे. वर्षभर कळपात मोकळा सोडलेला नर हा महागाईच्या काळातला सर्वात मोठा छुपा खर्च आहे. मेंढीचा गाभण काळ साधारण १५० दिवसांचा. ऑक्टोबरमध्ये फळलेली मेंढी मार्चमध्ये विते, नोव्हेंबरमध्ये फळलेली एप्रिलमध्ये. म्हणजे सेनगाव-औंढ्याच्या माळावर गवताची काडी नाही, पाणी खोल गेले आहे आणि नेमके तेव्हाच तिला दुधासाठी दुप्पट खायला हवे. हे सगळे विकत आणावे लागते, आणि तरीही एप्रिल-मेच्या उन्हात कोकरे तगत नाहीत. त्याउलट जूनच्या मध्यापासून ४५ दिवस मेंढा सोडला, तर पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर मेंढ्या आपोआप माजावर येतात. मेंढीचा माज दर १७ दिवसांनी येतो, त्यामुळे ४५ दिवसांत प्रत्येकीला किमान दोन संधी मिळतात. २५ ते ३० मेंढ्यांमागे एक सशक्त नर पुरतो. कोकरे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि आईला तुरीचा पाला, हरभऱ्याचे भूस मिळते.

दोन वर्षांत तीन वेत घ्यावीत असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. हिरवा चारा बारमाही असलेल्या बागायतदाराला तो लागू पडेल. चराईवरच्या कोरडवाहू कळपाने पेंडीच्या आजच्या भावात वर्षाला एकच वेत घ्यावे, पण ते नेमक्या वेळी आणि कोकरे जगवणारे घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या आठवड्यात नर वेगळा बांधा. वेगळी जागा नसेल तर त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा पडदा बांधून चरायला सोडा.

नर वेगळा करताना सगळ्या कळपाचे दात, कास आणि खूर तपासा. दात झिजलेली किंवा पडलेली, एका बाजूची कास दगड झालेली, सलग दोन हंगाम रिकामी राहिलेली मेंढी उन्हाळ्यापर्यंत ठेवू नका. आता तिच्या अंगावर मांस आहे, मार्चमध्ये हाडे उरतील. जीव लावलेले जनावर विकणे जड जाते, हे खरे. पण तिच्या वाट्याचा चारा गाभण मेंढीच्या तोंडातून जातो.

सर्वात स्वस्त चारा सध्या शेतातच पडून आहे. मळणीनंतरचे सोयाबीनचे भुसकट कित्येक ठिकाणी पेटवून दिले जाते. शेतमालकाशी मळणीआधीच बोला, यंत्राच्या तोंडाशी ताडपत्री टाका आणि त्याच दिवशी कोरड्या जागी हलवा. पन्नास मेंढ्यांना उन्हाळ्याचे १२० दिवस चराईला जोड म्हणून रोज अर्धा किलो धरले तर तीन टन लागते. साधारण पाच-सहा एकरांच्या मळणीत ते निघते. पावसात भिजून काळे पडलेले, कुबट वास येणारे भुसकट फुकट मिळाले तरी घेऊ नका. बुरशीने गाभण मेंढ्या गाभडतात. ज्वारीचा कडबा कुट्टी करून उंच गव्हाणीतच द्या. जमिनीवर टाकलेला चारा मेंढी तुडवते, घाण झाला की तोंड लावत नाही. बाभळीच्या शेंगा गळतील तेव्हा वाळवून भरडून ठेवा. सुबाभळीचा पाला चांगला, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच.

विकतचा खुराक पोत्याच्या भावावर घेऊ नका, त्यातल्या प्रथिनांच्या भावावर घ्या. समजा सरकी पेंड ३६ रुपये किलो आहे आणि तिच्यात २२ टक्के प्रथिने आहेत, तर एक किलो प्रथिने सुमारे १६४ रुपयांना पडली. सोयाबीन पेंड ४५ रुपये किलो आणि प्रथिने ४५ टक्के, तर १०० रुपयांना. महाग दिसणारे पोते इथे स्वस्त ठरते. तुमच्या गावच्या भावाने हाच भागाकार करा, आणि डाळ मिलची तूर चुनी धरायला विसरू नका. एक इशारा मात्र कायम लक्षात ठेवा: गाईचे किंवा कोंबडीचे खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका. त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साचते आणि एके दिवशी जनावर अचानक दगावते.

या हंगामातले आणखी दोन धोके. भुकेला कळप सोयाबीनच्या मोकळ्या रानात थेट सोडला की सांडलेले दाणे अधाशासारखे खातो, पोटे फुगतात, जनावरे मान टाकतात. आधी सुका चारा खाऊ घाला आणि पहिले काही दिवस थोडाच वेळ चरू द्या. खरिपाच्या ज्वारीच्या धसकटांना फुटलेल्या कोवळ्या पोंग्यांपासूनही कळप लांब ठेवा, किराळ लागली तर डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळत नाही. जंताचे औषध सरसकट पाजण्याआधी लेंड्या तपासून घ्या. खालच्या पापणीची आतली बाजू पांढरट दिसणाऱ्या मेंढ्यांकडे आधी बघा.

नर कोकरे कधी विकायची, हा प्रश्न काट्यावर सोडवा. कोकराचे वजन एक किलो वाढवायला साधारण सहा किलो कोरडा आहार लागतो. तो सरासरी २५ रुपयांनी पडत असेल तर एका किलोला दीडशे रुपये गेले. व्यापारी जिवंत वजनाला त्याहून बराच वर भाव देत असेल तरच बकरी ईदपर्यंत थांबा, तेही निवडक नरांसाठी. बाकीचे मार्चमध्ये काढा आणि विक्री नजरेच्या अंदाजाने न करता वजनावर करा.

दुसरे उत्पन्न लेंडीखताचे. त्यात सुमारे ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश असते, आणि आपल्या जिल्ह्यात वसमतपासून कळमनुरीपर्यंत हळदीला भरखत कमी पडते. हळदीची लागवड मे-जूनमध्ये, म्हणजे मेंढपाळ चाऱ्यावाचून अडतो त्याच महिन्यांत. रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या आणि बदल्यात पैसे, धान्य किंवा भुसकट घ्यायचे, हा व्यवहार जुनाच आहे. फक्त तो आयत्या वेळी, पडेल त्या दराने होतो. हळद उत्पादकाशी बोलणी दिवाळीच्या आसपास करा. रात्री किती, मेंढ्या किती, मोबदला काय, हे तेव्हाच ठरवा आणि निम्मा मोबदला भुसकटाच्या रूपात आताच घ्या. काही अडले तर तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. भटक्या जमाती-क प्रवर्गातल्या मेंढपाळांनी राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेचे अर्ज कधी सुटतात याची चौकशीही तिथेच करून ठेवावी.