घाटातील मालगाडीचे चित्रण

प्रश्न : कर्जतजवळ मोबाइलवर मालगाडीचे चित्रण करताना वाघिणी तिरक्या दिसतात आणि आवाज फाटतो. संपादनात हे सुधारता येईल का?

उत्तर : मोबाइलमधील संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, बहुधा संपूर्ण चौकट एकाच क्षणी न टिपता ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्या अवधीत वाघीण पुढे सरकत असल्याने तिच्या उभ्या कडा झुकलेल्या दिसतात, हा दोष संपादनात पुरता निघत नाही, म्हणून रुळांपासून दूर, तिरक्या कोनात उभे राहणे अधिक श्रेयस्कर. आवाज फाटणे म्हणजे ध्वनिलहरींची टोके कापली जाणे. तीही परत मिळत नसल्याने ध्वनिमुद्रणाची पातळी आधीच कमी ठेवावी.

संपादनाचा खरा प्रश्न कात्रीचा आहे. कर्जत-लोणावळा दरम्यानच्या १:३७ चढावर गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिने जोडली जातात आणि हौशी चित्रफितींत, वाघिणी कंटाळवाण्या वाटल्यामुळे, नेमकी हीच गळतात. त्याऐवजी मधल्या वाघिणींचा भाग आखडून, मूळ ध्वनी सलग ठेवून, शेवटचे इंजिन दिसेनासे होईपर्यंत दृश्य चालू द्यावे. रुळांलगत विनापरवाना शिरणे मात्र रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार दंडनीय आहे.