तित्तर की तणमोर?

आषाढ-श्रावणात सोयाबीनचे निंदण चालू असता, अथवा बांधालगतचे गवत कापताना, एखादा लांब मानेचा अनोळखी पक्षी अगदी पायाशी उठतो. मोठा तित्तर असावा असे समजून मजूर पुढे सरकतात. अकोला व वाशीम जिल्ह्यांत मात्र एवढ्यावर समाधान मानू नये; तेथील माळांवर व लगतच्या पिकांत तणमोर आढळलेला आहे.

नर ओळखणे सोपे आहे. पावसाळ्यात त्याचे डोके, मान व पोट काळे होते, पंखांवर पांढरा भाग उठून दिसतो आणि कानांमागून वर वळलेली लांब पिसे निघतात. गवतातून तो पुरुषभर उंच उसळतो व पुन्हा खाली उतरतो, आणि हे दिवसातून शेकडो वेळा चालते.

खरी अडचण मादीची. ती अशी उडी घेत नाही, रंगाने वाळल्या गवतासारखी असते आणि अंडी तीच उबविते. त्यामुळे विळ्याखाली सापडण्याचा धोका तिलाच. ती तित्तराहून बरीच मोठी, उंच पायांची असते. शंका राहिल्यास ओल्या मातीतील पाऊल पाहावे. तित्तराच्या पायाला मागे चौथे बोट असते, तणमोराला पुढची तीनच.

जमिनीवर तीन-चार अंडी दिसल्यास त्यांना हात न लावता तेवढा तुकडा कापू वा फवारू नये, व वनरक्षकास त्वरित कळवावे. जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत 2021 पासून तणमोराची गणना होते. नाकतोडे व अळ्या तो आवडीने खातो, हेही शेतकऱ्यास अवश्य सांगावे.