वाड्याची आतली खिडकी आणि संगणकाचा हिशेब

पुण्याच्या पेठांतील कितीतरी वाडे पाडले गेले आणि त्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्यांविषयी ‘माजघर अंधारे नि कोंदट’ असे सरसकट बोलले जाते. हे म्हणणे आता संगणकावर तपासता येते. इमारतीतील उष्णतेचे गणित मांडणारी ‘एनर्जीप्लस’ ही आज्ञावली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पुढाकाराने तयार झाली असून ती विनामूल्य मिळते. परंतु माजघराची खिडकी आपण तिला कशी सांगतो यावर तिचे उत्तर फिरते.

ही आज्ञावली घराचे ‘झोन’ पाडते आणि एका झोनमधील हवा सर्वत्र सारख्याच तापमानाची आहे असे सामान्यतः गृहीत धरते. दोन झोनांमधली भिंत दोनदा लिहावयाची असते, एकदा माजघराच्या बाजूने व एकदा ओसरीच्या बाजूने. दुसऱ्या वेळी गिलावा-विटांच्या थरांचा क्रम उलटा. खिडकीही तशीच दोनदा, आणि प्रत्येक नोंदीत पलीकडच्या जोडीदाराचे नाव हवे. हा खटाटोप टाळण्यासाठी भिंतीतून उष्णता जातच नाही असे सांगून मोकळे होणारे पुष्कळ असतात. मग माजघर म्हणजे बंद पेटीच!

मुळात ओसरी हा झोन मानावा काय? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८०७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या विश्रामबागवाड्याचा चौक ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही अडचण चटकन कळेल. ओसरीला वर छप्पर आहे, पण चौकाकडची बाजू मोकळी. माझ्या मते तिला झोनच मानावे. चौकातले ऊन आणि माजघराचा गारवा यांच्या मधली जागा तीच आहे.

खरी मेख पुढेच आहे. आज्ञावलीतील ‘खिडकी’ म्हणजे काच. तिच्यातून उजेड व उष्णता जाते, वारा जात नाही. वाड्यातील आतल्या खिडकीला मात्र बहुधा गज आणि लाकडी झडपा असतात. एक चौरस मीटर खिडकी घेऊ; दोन्हीकडच्या तापमानात ४ अंशांचा फरक धरू. साध्या काचेतून सुमारे १५ वॅट उष्णता पलीकडे जाईल. तीच खिडकी उघडी असून तिच्यातून सेकंदाला अवघे ५ सेंटिमीटर वेगाने हवा वाहिली, तर पुण्याच्या उंचीवरील हवेचा हिशेब धरून हा आकडा २२० वॅटच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ पंधरापट. तेव्हा हवेची ये-जा वेगळ्या नोंदीने सांगावी लागते; ती राहिली की वाडा विनाकारण कोंदट ठरतो.

शिवाय झडपा दिवसभर सारख्या उघड्या नसतात. वैशाखात दुपारी त्या लोटून घेतात व दिवेलागणीला उघडतात. हे वेळापत्रकही तासवार भरावे लागते, आणि त्यासाठी वाड्यात राहिलेल्या आजी-आजोबांनाच विचारणे बरे.