चूर्णातील पेशी : वनस्पती व प्राणी पेशींची रचना आणि द्रव्यपरीक्षा

‘पेशी’ हा शब्द उच्चारताच आपणां वैद्यांना प्रथम सुश्रुतोक्त पाचशे पेशी, म्हणजे मांसपेशी आठवतात. मराठी जीवशास्त्रात मात्र हाच शब्द सजीवाच्या मूलभूत घटकासाठी रूढ झाला आहे. हिंदीत त्यालाच ‘कोशिका’ म्हणतात. प्रस्तुत लेखात हा दुसरा अर्थच अभिप्रेत आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात वर्णिलेले परमाणू म्हणजेच आधुनिकांची पेशी, असे समीकरण पुष्कळदा मांडले जाते. आमच्या मते हा उत्साह आवरलेला बरा. तेथे परमाणू इंद्रियांना अगोचर मानले आहेत. पेशी तर साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, मोजता येते, आणि आपल्या फार्मसीच्या दाराशी आलेला माल खरा की खोटा हेही सांगते.

रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात ज्या कोठड्या पाहिल्या त्या वस्तुतः रिकाम्या होत्या. आतील सजीव द्रव्य केव्हाच नष्ट झाले होते, उरल्या होत्या फक्त भिंती. आपल्या विषयाचा पाया हाच आहे. पुढे १८३८ मध्ये श्लायडेन याने वनस्पतींची व १८३९ मध्ये श्वान याने प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली असल्याचे प्रतिपादन केले. याच श्लायडेनने १८४७ साली सार्सापरिलाच्या मुळांचे निरनिराळे प्रकार सूक्ष्मदर्शकाने वेगळे ओळखता येतात हे दाखविले, ही गोष्ट मात्र आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच सांगितली जाते.

दोन्ही प्रकारच्या पेशींत केंद्रक, पेशीद्रव, ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका आणि पदार्थांची ये-जा नियंत्रित करणारे पातळ पेशीपटल असते. भेद पुढे आहे. वनस्पती पेशीत पटलाबाहेर सेल्युलोजची कणखर भित्तिका असते. कोठे तिच्यावर लिग्निन साचून ती काष्ठमय होते, तर कोठे सुबेरिनमुळे बुचासारखी जलरोधक होते. शिवाय पक्व पेशीचा मोठा भाग व्यापणारी रसाने भरलेली रिक्तिका, हरितलवके, स्टार्चचे कण आणि कॅल्शियमचे स्फटिक हेही वनस्पतींचेच विशेष. प्राणी पेशीस भित्तिका नसते, म्हणूनच ती आकार बदलू शकते. स्नायू आकुंचन पावतो आणि श्वेतकण केशवाहिनीच्या भिंतीतून निसटतो, तो याच गुणामुळे.

वनस्पती वाळली की पेशीद्रव आक्रसते, पण भित्तिका, स्टार्च व स्फटिक टिकतात. ८५ क्रमांकाच्या चाळणीचे छिद्र सुमारे १८० मायक्रॉनचे असते, आणि बहुतेक वनस्पती पेशी १० ते १०० मायक्रॉनच्या. म्हणजे आपण वस्त्रगाळ समजतो त्या चूर्णाच्या कणातही अखंड पेशी सापडतात. कुटणाऱ्यास वाटते ओळख पुसली. ती पुसलेली नसते.

याचा अनुभव आम्हांस काहीशा नामुष्कीनेच आला. एका पावसाळ्यात, पाने वाळत नाहीत म्हणून, आम्ही अडुळशाचे तयार चूर्ण विकत घेतले. रंग हिरवट, चव कडू. शंकेस जागा दिसेना. अर्धा माल वापरल्यावर, केवळ नोंदवही पूर्ण करावी म्हणून स्लाइड केली. अडुळशाच्या पानात लांबट सिस्टोलिथ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पेशीत लटकणारे पिंड, असतात. पर्णरंध्राच्या दोन बाजूंस दोनच साहाय्यक पेशी असून त्यांची सामाईक भिंत रंध्राला काटकोनात असते. आमच्या सहा स्लाइडांत एकही सिस्टोलिथ दिसला नाही आणि रंध्रांभोवतीच्या पेशी अनियमित होत्या. अडुळशात महारुखाच्या पानांची भेसळ होते हे ज्ञात आहे, व त्या पानांत सिस्टोलिथ नसतात. आमचा माल महारुखाचाच होता असे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नव्हता. तो अडुळसा नव्हता एवढे निश्चित. उरलेले चूर्ण टाकून दिले. वापरलेल्या अर्ध्याचे काय, हा प्रश्न आजही सलतो, कारण ते कासाच्या रुग्णांना दिले गेले होते. त्यानंतर पाने अखंडच घ्यावयाची हा आमचा नियम झाला.

उपकरणांचा बाऊ करण्याचे कारण नाही. साधा सूक्ष्मदर्शक व चार द्रावणे पुरतात. मात्र क्रम चुकवू नये. प्रथम चूर्ण पाण्यात पाहावे, मग आयोडीन घालावे. स्टार्चचे कण निळे होतात. सुंठीचे कण एका टोकाला निमुळते दिसतात. हळद उकडून वाळविलेली असल्याने तिचा स्टार्च फुगून पिंडरूप झालेला असतो. मिऱ्यात अतिशय बारीक कणांचे स्टार्च विपुल असते. भेसळीच्या पपईच्या बियांत तेल व प्रथिने असतात, स्टार्च जवळजवळ नाही. दुसऱ्या स्लाइडवर क्लोरल हायड्रेटमध्ये चूर्ण हलके तापवावे. स्टार्च विरघळून भित्तिका, रंध्रे व स्फटिक स्वच्छ दिसतात. फ्लोरोग्लुसिनॉल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल यांनी लिग्निन लाल होते, परंतु ते आम्ल स्फटिकही विरघळविते, म्हणून ही परीक्षा वेगळ्या स्लाइडवर व शेवटी करावी. सौम्य ॲसिटिक आम्लाने सिस्टोलिथमधून बुडबुडे येतात. कॅल्शियम ऑक्झलेट तसेच राहते.

पेशीरचना कल्पनिर्मितीतही उपयोगी पडते. अडुळशाची ताजी पाने नुसती कुटून रस फारसा निघत नाही, म्हणून शास्त्राने पुटपाक सांगितला. उष्णतेने पेशीपटल फाटते, रिक्तिकेतील रस भित्तिकेतून पाझरू लागतो आणि पिळताच सुटतो. क्वाथासाठी यवकूट घ्यावे यामागेही अंशतः हेच आहे: भरडीत पाणी पेशींपर्यंत पोहोचते आणि गाळणेही सुकर होते.

प्राणिज द्रव्यांत ही परीक्षा बहुतांशी निष्फळ ठरते. शंख, कपर्दिका, प्रवाळ हे प्राण्यांनी शरीराबाहेर घडविलेले कॅल्शियम कार्बोनेट. त्यांत पेशी शोधणेच व्यर्थ, भस्मात तर काहीच नाही. एक उपयोग मात्र आहे. साठवणीतील चूर्णात किडीच्या पायाचे तुकडे वा उंदराचा केस असल्यास तो तत्काळ दिसतो, कारण कायटिन व केराटिन दोन्ही टिकाऊ. असा माल आम्ही चाळून वापरीत नाही, परत पाठवितो.

घनसत्त्वांचा प्रश्न निराळा आहे. त्यांत भित्तिका राहत नाही, फक्त विद्राव्य अंश उरतो. तेथे सूक्ष्मदर्शक आंधळाच, आणि थिन लेयर क्रोमॅटोग्राफीसारख्या रासायनिक परीक्षेवाचून गत्यंतर नाही. म्हणून घनसत्त्व तयार विकत घेणाऱ्या फार्मसीमालकांनी पुरवठादाराकडून मूळ द्रव्याचा न कुटलेला नमुना प्रत्येक बॅचसोबत मागून घ्यावा व तो लेबल लावून जपून ठेवावा.