घरचे लॅमिनेशन यंत्र : कोणता कागद घालावा, अडकला तर काय करावे



बेणे, खत, खोडवा यांवर आम्ही या पानातून नेहमी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा, पण रोजच्या कामाचा आहे. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री भागात अनेक घरांत आता लॅमिनेशनचे छोटे यंत्र आले आहे. कुणी मुलांच्या शाळेच्या कागदांसाठी घेतले, कुणी गावात झेरॉक्सचा जोडधंदा म्हणून. त्याबाबत गट कार्यालयात आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. यंत्रात कागद अडकला तर काय करायचे? आणि शेअर दाखला लॅमिनेट केला तर चालेल का? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे.

यंत्र चालते कसे?

ज्याने गुऱ्हाळाचा चरक पाहिला आहे त्याला हे यंत्र समजावून सांगायला नको. दोन रूळ एकमेकांना टेकून फिरतात आणि मधून माल पुढे सरकतो. फरक इतकाच की हे रूळ रबरी असतात व तापतात. पाउचचा बाहेरचा थर पॉलिस्टरचा असतो, आतल्या बाजूला गोंदाचा थर असतो. शंभर अंशांच्या वर उष्णता लागली की गोंद वितळतो व दाबाने कागदाला चिकटतो. निवला की कायमचा घट्ट. मग तो सोडवता येत नाही, हे आताच लक्षात ठेवावे.

कागद का अडकतो?

चरकात ऊस आडवा घातला किंवा एकदम मोठी मोळी कोंबली तर काय होते ते आपण जाणतोच. इथेही बहुतेक वेळा चूक घालणाऱ्याची असते.

१) पाउचची एक कड बंद असते. तीच आधी आत गेली पाहिजे. उघडी कड आधी घातली तर वरचा-खालचा पदर वेगळा होतो व एक पदर रुळाला गुंडाळला जातो.

२) पाउच तिरपा घालू नये. कागद मधोमध ठेवावा, चारी बाजूंना दोन-तीन मिलिमीटर कोरी कड सुटली पाहिजे.

३) पाउच आधी कापून लहान करू नये. कापलेल्या कडेचा गोंद बाहेर येऊन रुळाला लागतो. कापायचे ते लॅमिनेशन झाल्यावर. रिकामा पाउच तर कधीच घालू नये.

४) पाउचच्या पाकिटावर १२५ किंवा २५० मायक्रॉन अशी जाडी छापलेली असते. आपले यंत्र किती जाडी घेते ते पाहूनच पाउच आणावेत. जाड पाउचला उष्णता जास्त लागते. पातळ पाउच जास्त उष्णतेवर घातला तर तो मऊ पडून गुंडाळतो.

५) यंत्र लावल्याबरोबर कागद घालण्याची घाई नको. तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते पाच मिनिटे, थांबावे.

६) पावसाळ्यात कागद ओलसर असतो. ओलाव्याची वाफ होऊन आत बुडबुडे येतात. कागद आधी पंख्याखाली वाळवावा. उन्हाळ्याचे उलट आहे. आपल्या जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा पाउच पत्र्याच्या खोलीत ठेवू नयेत, ते वाकतात व एकमेकांना चिकटतात.

७) वीज जाण्याच्या वेळेला काम काढू नये. रूळ थांबले तरी गरम असतात आणि मधला पाउच तिथेच वितळत राहतो.

अडकला तर काय करावे?

पहिली गोष्ट, जोर लावू नये. उलट फिरवण्याचे बटण असेल तर ते दाबावे. रूळ सैल करणारा खटका असेल तर तो दाबून, ज्या बाजूने पाउच घातला त्याच बाजूने दोन्ही हातांनी सरळ, सावकाश ओढावा. वीज गेली असेल तरी हाच उपाय, आणि तो लगेच करावा.

एवढ्याने निघाला नाही तर बटण बंद करून पिन बोर्डातून काढावी व यंत्र पूर्ण निवू द्यावे. घाईत हात भाजतो. यंत्र वॉरंटीत असेल तर न उघडता दुकानात न्यावे. नसेल तर खालचे स्क्रू काढून झाकण उघडावे, बाजूचे दातेरी चाक हाताने उलट फिरवावे आणि गुंडाळलेला पाउच थोडा थोडा सोडवावा. सुरी, पान्हा, ब्लेड आत घालू नये. रबरी रुळाला एकदा चीर पडली की पुढच्या प्रत्येक कागदावर तिची रेघ उमटते.

रुळाला राहिलेला गोंद काढायला, झाकण लावून यंत्र पुन्हा तापवावे व एक कोरा जाडसर कागद पाच-सहा वेळा आतून काढावा. गोंद त्या कागदाला लागून येतो. आठवड्यातून एकदा असे केले तर अडकण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

कोणते कागद यंत्रात घालू नयेत?

यंत्र बिघडले तर दुरुस्त होते, फार तर नवे येते. कागदाचे तसे नाही.

शेअर दाखला, खरेदीखत, स्टॅम्प पेपर, वारसाचे कागद यांची मूळ प्रत लॅमिनेट करू नये. शेअर हस्तांतराची नोंद दाखल्याच्या मागे करावी लागते, त्यावर सही-शिक्का घ्यावा लागतो. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही. एक सभासद वारले, त्यांच्या पत्नी शेअर नावावर करायला दाखला घेऊन आल्या. दाखला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये बंद. माउलीने जपण्यासाठीच केले होते, पण मागे नोंद करायला जागाच उरली नाही. दुय्यम दाखल्यासाठी अर्ज करा, प्रतिज्ञापत्र करा, मंडळाच्या सभेची वाट पाहा, असे हेलपाटे त्यांच्या नशिबी आले.

जुने कागद सांभाळणाऱ्यांचा अनुभवही हेच सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५० च्या दशकात जीर्ण कागदांवर सेल्युलोज असिटेटची पातळ फिल्म असिटोनने हातानेच चिकटवण्याची पद्धत बसवली गेली. यंत्र लागत नसे, आणि असिटोनने ती फिल्म पुन्हा विरघळवता येई. आपल्या पाउचचा गोंद असा निघत नाही. आता मोलाचा कागद पॉलिस्टरच्या दोन पदरांत ठेवून फक्त कडा बंद करतात, कागदाला गोंद लागू देत नाहीत. घरी हेच करायचे तर फायलीतले प्लॅस्टिकचे पारदर्शक पाकीट पुरे. दाखला त्यात सुटा ठेवावा.

वजन पावती, एटीएमची चिठ्ठी, ठिबकच्या सामानाचे बिल यांकडेही नीट पाहावे. पावतीवर नखाने घासून काळी रेघ उमटली तर तो उष्णतेने छपाई होणारा कागद समजावा. यंत्रात घातला तर सगळा काळा पडेल, वजनही दिसणार नाही आणि तारीखही नाही. अशा पावतीची आधी झेरॉक्स काढावी.

सातबारा लॅमिनेट करण्यात अर्थ नाही. त्यावरची पीक नोंद हंगामागणिक बदलते. डिजिटल सहीचा ताजा उतारा ऑनलाइन मिळतो.

मग यंत्राचा उपयोग काय?

पुष्कळ आहे. माती परीक्षण पत्रिकेची झेरॉक्स, ठिबकच्या व्हॉल्व्हचा नकाशा, मोटारीच्या स्टार्टरशेजारी लावायच्या सूचना, हे सर्व लॅमिनेट करून पंपघरात टांगावे. ओल्या, मातीच्या हातांनी धरले तरी खराब होत नाही. सुरू उसासाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद व ११५ किलो पालाश अशी आहे. ती आपल्या क्षेत्राप्रमाणे व माती परीक्षणाप्रमाणे हिशेब करून, हप्त्यांच्या तारखांसह एका कागदावर लिहावी आणि तोच कागद पहिला लॅमिनेट करावा. खत टाकणारा गडी बदलला तरी मात्रा बदलणार नाही.

शेअर दाखला मात्र आजच पेटीतून काढून पाहावा. नाव बरोबर आहे का, वारस नोंद झाली आहे का, हे तपासावे. काही राहिले असेल तर गाळप सुरू होण्याआधी गट कार्यालयात यावे. आणि येताना दाखला जसा आहे तसाच आणावा.